मतभेदांसह एकत्र

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक आणि ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४५ रोजी सातारा येथे झाला. ही तारीख दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे येते, आणि सातारा-सांगली परिसरात ज्यांनी त्यांच्या बरोबरीने काम केले त्यांना ऐन सणात या सहकाऱ्याची उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही. बुवाबाजीविरुद्ध लढणारा कार्यकर्ता, जादूटोणाविरोधी कायद्याचा चिकाटीने पाठपुरावा करणारा संघटक आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून मारला गेलेला विचारवंत ही त्यांची रूपे सर्वांना ठाऊक आहेत व ती यथार्थही आहेत. तथापि ज्यांचे एकमेकांशी पुरते पटत नाही अशा माणसांना एका कामाभोवती वर्षानुवर्षे धरून ठेवण्याची त्यांची जी हातोटी होती, तिचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

त्यांची जडणघडण याच दोन जिल्ह्यांत झाली. शालेय शिक्षण साताऱ्यात, पुढे सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि नंतर मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय अशी त्यांची वाटचाल होती. ते कबड्डीत शिवाजी विद्यापीठाचे कर्णधार झाले, बांगलादेशाविरुद्ध भारतीय संघातून खेळले आणि शिवछत्रपती पुरस्काराचे मानकरी ठरले. कबड्डीत चढाई एकट्याने करावी लागते, परंतु बाद झालेला खेळाडू मैदानात परततो तो साथीदारांनी गडी टिपल्यामुळेच. दाभोलकरांच्या संघटनापद्धतीत या खेळाची शिस्त उतरली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

१९८९ मध्ये समिती स्थापन झाल्यावर तिची जी चतुःसूत्री, म्हणजे कामाची चार मूलभूत सूत्रे, ठरली, तीत शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक परिवर्तनाच्या चळवळींशी नाते यांचा समावेश होता. देव आहे की नाही या प्रश्नावर मात्र समितीने तटस्थ भूमिका घेतली. ही तटस्थता पळवाट असल्याचा आक्षेप दोन्ही बाजूंनी घेतला गेला. श्रद्धाळूंना ती नास्तिकतेवरचे पांघरूण वाटे, तर कडव्या बुद्धिवाद्यांना ती तडजोड वाटे. परमेश्वर या कल्पनेलाच निवृत्त करावे असे उघडपणे मांडणारे ज्येष्ठ अभिनेते डॉ. श्रीराम लागू हे दुसऱ्या गटातले. दाभोलकरांनी हा मतभेद झाकून न ठेवता त्यालाच कार्यक्रमाचे रूप दिले. ‘विवेकजागर’ या नावाने गावोगावी झालेल्या वादसंवादात लागू आपले निरीश्वरवादी मत परखडपणे मांडत, दाभोलकर त्याच व्यासपीठावरून समितीची वेगळी भूमिका समजावून सांगत, आणि दोघे मिळून श्रोत्यांच्या प्रश्नांना सामोरे जात. सहमती ही एकत्र येण्याची पूर्वअट नाही, एखाद्या कामाविषयीची सहमती पुरेशी आहे, हे तत्त्व श्रोत्यांना तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळे. मराठी सार्वजनिक जीवनाला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी होय.

हेच तत्त्व सामाजिक कृतज्ञता निधीच्या मुळाशी होते. चळवळीत पूर्णवेळ झोकून देणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटावी, म्हणून समाजानेच वर्गणीतून निधी उभारून त्याला नियमित मानधन द्यावे, अशी ही व्यवस्था. हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव, लागू आणि दाभोलकर यांच्या पुढाकाराने तिच्यासाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रभर लावण्यात आले व त्यांत निळू फुले, तनुजा यांच्यासारखे नामवंत कलावंत उभे राहिले. नाट्यगृहे ठरवणे, तिकिटे खपवणे, हिशेब चोख ठेवणे ही कामे प्रसिद्धी मिळवून देणारी नसतात. पण कलावंत, हमालांचा नेता, डॉक्टर आणि गावचा तिकीट विकणारा शिक्षक हे सारे एका साखळीत आले ते अशा कामांमुळेच, भाषणांमुळे नव्हे.

सणांच्या बाबतीतही त्यांचा आग्रह सण मोडण्याचा नव्हता. होळी लहान करून पोळी गरजूंना द्यावी, विसर्जनाच्या वेळी गणेशमूर्ती दान कराव्यात, दिवाळीत फटाके टाळून ते पैसे पुस्तकांकडे वळवावेत, असे पर्याय समितीने पुढे ठेवले आणि त्यासाठी शाळकरी मुलांना हाताशी धरले. १९९८ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘साधना’चे संपादन केले, तेही साताऱ्याचे बिऱ्हाड न हलवता, दर आठवड्याला पुण्याला ये-जा करून. साने गुरुजींनी सुरू केलेल्या या साप्ताहिकाने त्यांच्याच कारकिर्दीत बालकुमारांसाठी स्वतंत्र दिवाळी अंक काढला व तो शाळाशाळांतून पोहोचवला. फटाक्याऐवजी पुस्तक म्हणजे काय, याचे उत्तर मुलांच्या हाती ठेवण्याची ही रीत होती. समितीचे ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ सांगलीतून चालवले गेले, हेही या भागाने अभिमानाने सांगावे.

संघटकाची खरी परीक्षा त्याच्या पश्चात होते. हत्येनंतर काही दिवसांतच राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. त्यांच्या अखेरच्या महिन्यांत सुरू झालेली जातपंचायतविरोधी मोहीम कार्यकर्त्यांनी पुढे नेली, आणि २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही झाला. पुण्यातील महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, जेथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेथे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला शांतपणे जमत राहिले. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप सुनावली, तर तिघांची पुराव्याअभावी सुटका केली. हत्येमागची पूर्ण साखळी उघड झालेली नाही, ही खंत त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात आजही आहे व ती रास्त आहे.

त्यांच्याबरोबर वावरलेली पिढी आता उतारवयाकडे झुकली आहे. समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, कृतज्ञता निधीच्या पावत्या, नाट्यप्रयोगांच्या जाहिराती, दाभोलकरांची पोस्टकार्डे असे काही सातारा वा सांगली जिल्ह्यातील ज्या घरांत असेल, त्या घरांनी ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला न घालता जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे सोपवावे, आणि त्यासोबत त्या कागदामागची हकिकत तारीख, गाव व कामासह लिहून द्यावी, ही या अंकाच्या वाचकांना विनंती आहे.