कुंपणाचा खांब आणि शेजाऱ्याची हद्द

दिवाळीनंतर कापसाचा पैसा हातीं आला कीं आमच्या वर्धा जिल्ह्यांत घराच्या आवारास तारेचें कुंपण घालण्याचीं कामें निघतात. त्यास हरकत असण्याचें कारण नाहीं. मोकाट गुरें व रानडुकरें परसांतील भाजीचें पानही शिल्लक ठेवीत नाहींत. परंतु दोन पावसाळे गेल्यावर तेंच कुंपण पाहावें, तर एक खांब घराकडे कललेला, दुसरा रस्त्याकडे, आणि सैल पडलेल्या तारेवर गोधड्या वाळत घातलेल्या! लोक हा दोष गवंड्याच्या माथीं मारतात. आमचे मतें दोष बहुधा मालकाच्या घाईचा आहे.

आपली काळी जमीन पावसानें फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. फूटभर खोल पुरलेला खांब तिच्याबरोबर दरवर्षीं हलणारच. सात फुटी खांब निदान दोन फूट, व काळी खोल असल्यास अडीच फूट पुरावा. उकरलेली काळी माती पुन्हा खड्ड्यांत लोटूं नये. मुरूम व गिट्टी थराथरानें ठोकून भरावी आणि माथ्याशीं उतार बाहेर ठेवावा, म्हणजे पाणी सांचत नाहीं. कोपऱ्याचे खांब आधीं उभे करून त्यांस तारेच्या ओढीविरुद्ध तिरके टेकू द्यावे. मग दोरी बांधावी, पण ती मधल्या खांबांपासून बोटभर दूर असावी. एका खांबानें दोरी ढकलली कीं पुढचे सारे तिच्यामागें वांकडे जातात. ओळंबा खांबाच्या लगतच्या दोन्ही बाजूंस लावून पाहावा. एकाच बाजूनें पाहणाऱ्याची फसगत होते. माथे समपातळींत आणण्यास पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरे. जागा उतरती असेल तर माथ्याची दोरी उताराबरोबर जाऊं द्यावी, खांब मात्र ओळंब्यांतच हवा.

एवढें केलें म्हणजे खांब सरळ होतील. पण कोणत्या रेषेंत सरळ, हें कोणी विचारीत नाहीं, आणि महसुली दप्तरांत ज्यांची उमर गेली त्या आम्हांस खरी काळजी याचीच वाटते. जुन्या गांवठाणांतील हद्दी दोरीसारख्या सरळ नसतात. साठ फुटांच्या कुंपणाचें एक टोक वीतभर, म्हणजे नऊ इंच सरकलें, तर शेजाऱ्याची साडेबावीस चौरस फूट जागा आंत येते. एक खाट टाकण्यापुरती जागा ती! शेजारी त्या दिवशीं भिडेखातर बोलत नाहीं. त्याच्या मुलांच्या वांटणीच्या वेळीं तेंच प्रकरण निघतें आणि मग तारखा सुरू होतात.

मोजणीची फी वांचवावी असें पुष्कळांस वाटतें. वकिलाकडे एकदां जाऊन आल्यावर तसें वाटत नाहीं. हद्दीविषयीं शंका असेल तेथें भूमि अभिलेख कार्यालयाकडून आधीं मोजणी करून घ्यावी. एप्रिल २०२० मध्यें सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखालीं ज्या गांवठाणांची ड्रोननें मोजणी होऊन सनदा मिळाल्या, तेथील लोकांनीं तो नकाशा पेटींतून बाहेर काढावा. हद्द खरोखरच वांकडी असेल तर प्रत्येक वळणावर स्वतंत्र खांब द्यावा. एका खांबाचा खर्च वाढेल इतकेंच. हद्दीचा दगड काँक्रीटखालीं गाडण्याची चाल तर फारच वाईट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्याप्रमाणें सीमाचिन्हें सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे. शेतावर कुंपण नेणाऱ्यांनीं त्याच संहितेचें कलम १४३ ध्यानांत ठेवावें. धुऱ्यावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निर्णय त्याखालीं तहसीलदार करतात, म्हणून वहिवाटीची वाट तारेनें बंद करूं नये.

कोपऱ्याच्या खांबांवर दोरी बांधतांना शेजाऱ्यास बोलवावें आणि तिचें दुसरें टोक त्याच्याच हातीं द्यावें. तो गांवीं नसेल तर आठ दिवस थांबावें. काळी जमीन इतक्यांत कांहीं दगडासारखी होत नाहीं. संक्रांतीपर्यंत खड्डे बऱ्यापैकीं खणतां येतात.