काकांची रात्रपाळी



मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या काकी घरी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत काकांचे फौजेतले कागद. मी ऑफिसात कारकून, त्यात बी.कॉम. झालेला, म्हणून वस्तीतले निम्मे अर्ज नि पेन्शनची कागदपत्रे माझ्याच ओट्यावर येतात. मला वाटले, पेन्शनचे काही अडले असेल. मी चष्मा लावला. काकी म्हणाल्या, "पेन्शन येतीय बाबा वेळेवर. मला एवढंच सांग, ह्यांना झोप का लागत नाही ते या कागदांत कुठं लिहिलंय का?"

मी एकेक कागद उलटून पाहिला. भरती १९७६. महार रेजिमेंट. श्रीलंकेतील सेवा. १९९२ साली स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्त. वर्तणूक उत्तम. झोपेबद्दल एक अक्षर नव्हते. हा प्रश्न त्या माउलीने पस्तीस वर्षे पोटात ठेवला होता आणि शेवटी विचारला तो कुणाला, तर एका कारकुनाला!

काका गावाकडून आमच्या वस्तीत राहायला आले तेव्हा मी सातवीत होतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ताठ मान. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी चौकटीत बसवलेला रेजिमेंटचा बिल्ला, त्यावर 'यश सिद्धी'. आम्हा पोरांना त्यांचा केवढा अभिमान! काही महिन्यांतच त्यांना एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली. त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. इतर वॉचमन रात्रपाळी टाळायला बघतात आणि हा माणूस वीस-बावीस वर्षे दिवसपाळी नको म्हणाला. कंपनीने दोनदा सत्कार केला, नारळ आणि शाल देऊन. आम्ही म्हणायचो, फौजी माणूस, शिस्तीचा. पण रात्री डोळा लागला की काय दिसते, याच्या भीतीने हा माणूस पगारावर जागा राहतो आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नाही.

इतर गोष्टीही दिसत होत्या. काका रस्त्याच्या मधोमध चालायचे, कडेने कधी नाही. वाटेत कुणी टाकलेला तेलाचा डबा किंवा रॉकेलचा कॅन दिसला की पलीकडून वळसा घालायचे. एखाद्या पोराने डब्याला लाथ मारली तर असे ओरडायचे की पोर चड्डीत मुतायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो.

आणि एक गोष्ट आज लिहूनच टाकतो. एका जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही चार पोरांनी काकांच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला. आवाज झाला आणि काका त्या पांढऱ्या शर्टासकट शेजारच्या गटारात पालथे पडले, दोन्ही हात डोक्यावर. सगळी गल्ली हसली. काका उठले, कुणाकडे न बघता घरी गेले आणि पुढचे तीन दिवस बाहेर आले नाहीत. उदबत्ती माझ्या हातात होती.

आता थोडे मागचे सांगतो, म्हणजे डब्याचा उलगडा होईल. २९ जुलै १९८७ रोजी भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि आपली फौज तिकडे गेली. नाव होते शांतिसेना. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि आपण मध्ये उभे राहायचे, असा बेत होता. ऑक्टोबर उजाडेपर्यंत एल.टी.टी.ई.शीच लढाई जुंपली आणि जाफन्यासाठी घनघोर युद्ध झाले. समोर गणवेशातला शत्रू नाही. लुंगीतला पोरगा शेतकरी आहे की बंदूकवाला, हे गोळी सुटल्यावर कळायचे. ताडाच्या बनांतून नेम धरला जाई. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, डब्यांत आणि पिंपांत सुरुंगाची दारू भरून ठेवलेली असे. महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोपर्यंत आपले सुमारे १,२०० जवान कामी आले होते. आणि परतल्यावर काय? मद्रासच्या बंदरावर स्वागताला तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. तिकडच्या तमिळ माणसांवर झालेल्या अत्याचारांचा ठपका या फौजेवर होता आणि त्यातले सगळेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या शिपायाने युद्ध ठरवलेही नव्हते आणि थांबवलेही नव्हते, तो कपाळावर जयाचा टिळा नाही की पराजयाची सहानुभूती नाही, अशा अवस्थेत घरी आला. चीन किंवा पाकिस्तानच्या लढाईतल्या जवानाला लोक गोष्टी विचारतात. काकांना श्रीलंकेचे कुणी काही विचारले नाही.

घरात काय चालले होते ते काकींनी त्या संध्याकाळी सांगितले. नवऱ्याला उठवायचे असेल तर त्या जवळ जात नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून नावाने हाक मारतात, नाहीतर झाडूच्या दांड्याने पायाच्या अंगठ्याला स्पर्श करतात. एकदा जवळ जाऊन खांदा हलवला होता; काकांनी झोपेतच गळा धरला आणि जाग आल्यावर लहान मुलासारखे रडले. मुले भांडी आवाज न करता खाली ठेवायला शिकली. थोरला मुलगा बापाच्या सायकलची घंटा ऐकली की पुस्तक घेऊन बाहेर जायचा. कँटीनची रम आधी झोपेसाठी होती, मग झोप राहिली बाजूला आणि रम तेवढी राहिली. कधी कधी हातही उचलला जाई. महिला मंडळाच्या बायका एकदा चौकीवर जायला निघाल्या होत्या. तेव्हा आपल्याच ज्येष्ठांनी अडवले. फौजी आहे, तापट असायचाच, सोडून द्या! पुढे मुलीच्या लग्नाचे बघू लागले तेव्हा तर झाकली मूठ सव्वा लाखाची. सोयरिकीतल्या लोकांना काकींनी सांगितले, ह्यांना पित्ताचा त्रास आहे.

वाचकहो, या दुखण्याला नाव आहे. मराठीत आघातोत्तर ताणविकार म्हणतात, डॉक्टर नुसते पी.टी.एस.डी. म्हणतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे आपण हसत म्हणतो. पण ज्याचे तोंड जीव जाण्याइतके पोळले, त्याच्या मेंदूतली धोक्याची घंटा धोका टळल्यावरही वाजत राहते. झालेली गोष्ट 'झाली' म्हणून मागे पडत नाही. एखाद्या आवाजाने, वासाने ती पुन्हा आत्ता घडते. माणूस सतत दचकतो, आठवण टाळतो, माया आटल्यासारखा कोरडा वागतो, झोपेत लढतो. प्रत्येक सैनिकाला हे होते असे नाही. बहुतेकांना होत नाही. ज्याला होते तो भित्रा असतो, असेही नाही.

भित्रा ठरवण्याचा प्रकार मात्र जगात सगळीकडे झाला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यात थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या शिपायांबद्दल चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली लिहिले आणि 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. त्याच युद्धात ब्रिटिश फौजेने पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली आपल्याच बाजूच्या सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातले काही या दुखण्याचेच रोगी होते. अशा ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर भांडले, तेव्हा १९८० साली हा आजार तिथल्या मानसोपचाराच्या ग्रंथात रीतसर नोंदला गेला. म्हणजे काका जाफन्याला उतरले त्याच्या सात वर्षे आधीच वैद्यकाला हे माहीत होते. आमच्या गल्लीला माहीत नव्हते.

आपल्या समाजाचे आणखी एक आहे. सैनिकी पेशा ही आपली मोठी मिळकत. १ जानेवारीला आपण भीमा-कोरेगावला जातो, स्तंभावरची 'नाक' लावलेली नावे बोट ठेवून मुलांना दाखवतो. स्वतः बाबासाहेब सुभेदाराचे पुत्र. इंग्रजांनी भरतीचे दार लावले, ते उघडण्यासाठी त्यांनी केवढा आग्रह धरला, तेव्हा १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. हा अभिमान खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. पण शौर्याची इतकी सवय झालेल्या समाजात, रात्री मला भीती वाटते, हे वाक्य बोलायला जागा उरत नाही. लढाईत पाय गेलेल्याला आपण स्टेजवर खुर्ची देतो. ज्याची झोप गेली त्याला दारुडा म्हणतो.

सल्ले मात्र पुष्कळ मिळाले. गावाकडच्या एका नातेवाइकाने बाहेरचे आहे म्हणून लिंबू उतरवायला सांगितले. ते काकींनी धुडकावले. शिकलेल्यांनी विपश्यनेला पाठवा म्हटले. ध्यानाने अनेकांना शांतता लाभते, याबद्दल शंका नाही. पण ज्याने डोळे मिटले की स्फोटच दिसतो, त्याला दहा दिवस मौनात डोळे मिटून बसवणे धोक्याचे ठरू शकते. आधी डॉक्टरला विचारावे आणि शिबिराच्या अर्जात आजार लपवू नये.

उपचार आहेत आणि तीस-चाळीस वर्षांनंतरही त्यांचा उपयोग होतो. जाणकार तज्ज्ञासमोर त्या आठवणीकडे हळूहळू, सुरक्षितपणे पुन्हा बघायला शिकवणारे बोलण्याचे उपचार आहेत. काही गोळ्यांनीही आराम पडतो. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेची गोळी आणून रमवर घेणे तर जिवावर बेतू शकते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकाला आणि त्याच्या पत्नीला ई.सी.एच.एस. या योजनेतून उपचार मिळतात. ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. जे १९९६ पूर्वी निवृत्त झाले त्यांना तिची वर्गणी माफ आहे, पण कार्डासाठी अर्ज करावा लागतो. काकांनी तो कधी केलाच नव्हता. बावीस वर्षे कार्ड नाही! जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पी.पी.ओ.वर पत्नीचे नाव आधारकार्डाप्रमाणेच आहे ना, तेही आजच तपासा. माहेरचे नाव, सासरचे नाव यांच्या घोळात पुढे विधवेचे पेन्शन अडकते.

मानसिक आजारामुळे ज्यांना फौजेतून कमी केले आणि हा आजार नोकरीमुळे नव्हे असे सांगून अपंगत्वाचे पेन्शन नाकारले, त्यांनी धरमवीर सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल वकिलाला दाखवावा. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असेच धरायचे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर, असे त्यात म्हटले आहे. नियम २०२३ साली पुन्हा बदलले आहेत, म्हणून आपली निवृत्तीची तारीख सांगूनच सल्ला घ्या. काकांचे प्रकरण या वाटेने जाणे कठीण आहे, कारण त्यांनी स्वतःच सुटी मागितली आणि तब्येतीची कुठे नोंदच केली नाही. मी आयुष्यभर फायली लावल्या, म्हणून सांगतो, ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही असे फाईल मानते.

घरात कुणी, मी नसतो तर तुम्ही सुखी असता, असे बोलू लागला तर ते बोलणे वाऱ्यावर सोडू नका. जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि भगिनींनो, आजार हे माराचे कारण असेल, पण मार सोसण्याचा हुकूम नव्हे. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फौजीच्या पत्नीलाही लागू आहे, मदतीसाठी १८१ आहे. नवऱ्याचे औषध आणि स्वतःची सुरक्षितता, दोन्ही मागायचा तुम्हांला हक्क आहे.

काकांना दवाखान्यात न्यायला तीन महिने लागले. मी वेडा नाही, एवढेच ते म्हणत. शेवटी काकी म्हणाल्या, "तुम्ही वेडे नाही, पण मी दमलेय." त्यावर ते निमूट उठले आणि शर्टाला इस्त्री करायला बसले. आता गोळ्या चालू आहेत, पंधरा दिवसांनी एका बाईंपुढे बसून बोलणे चालू आहे. रम बंद झालेली नाही, कमी झाली आहे. सलग चार तास झोपले तर काकी कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब करतात.

एका रविवारी मी त्यांना सुतळी बॉम्बचे सांगितले. उदबत्ती माझ्या हातात होती, म्हणालो. काका बराच वेळ चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "सुतळी आहे ते मला तेव्हाच कळलं होतं रे. अंगाला कळलं नाही."

यंदाच्या जयंतीला मंडळाची दोन पोरे आदल्या दिवशी त्यांच्या दारी गेली. फटाके रात्री आठ ते साडेआठ, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, असे सांगून आली. पावणेआठला काकांनी कानांत कापूस घातला, दार आतून लावून घेतले. काकी मिरवणूक सोडून त्यांच्याजवळ बसल्या होत्या. नऊ वाजता दोघे निळा फेटा नि ठेवणीतली साडी नेसून मैदानावर आले, तेव्हा जेवणाच्या पंगती बसायला लागल्या होत्या.