टाचणीचं कौतुक पुरे, आता व्हाळाचं बोला

सिंधुदुर्गात एखादी नवी जात सापडली की आपलं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी पेपरात फोटो. दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर "कोकणची शान". तिसऱ्या दिवशी पुढाऱ्यांच्या अभिनंदनाच्या पोस्ट. चौथ्या दिवशी विषय संपला. पाचव्या दिवशी तसल्याच दुसऱ्या एखाद्या व्हाळात जेसीबी उतरतो, त्याची मात्र बातमी होत नाही.

2025 मध्ये हेच झालं. पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठातले संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम घाटातल्या टाचण्यांच्या दोन नव्या जाती 'झूटॅक्सा' या नियतकालिकात जाहीर केल्या. एक कर्नाटकातल्या कोडगूची. दुसरी आपली, देवगड तालुक्यातल्या हडपिडची. तिचं शास्त्रीय नाव प्रोटोस्टिक्टा शांभवीई, इंग्रजीत कोकण शॅडोडॅमझेल. म्हणजे सावलीत राहणारी टाचणी.

ज्यांना टाचणी आणि चतुर यातला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चतुर धिप्पाड, बसला तरी पंख विमानासारखे पसरलेले. टाचणी काडीसारखी बारीक, बसली की बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून घेते. त्यातही या सावलीवाल्या टाचण्या इतक्या सडपातळ आणि गडद रंगाच्या असतात की दोन हातांवर बसलेली दिसत नाही. उजेडात यायचं नाही, झाडांनी झाकलेल्या ओहळाशेजारी नेच्याच्या पानाला लटकून राहायचं, फार लांब उडायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

आणि नवी जात "सापडली" म्हणजे कोणी सहज फोटो काढला आणि नाव ठेवलं असं नसतं. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या या टाचण्या वेगळ्या ओळखायच्या तर सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे, जननेंद्रियाची घडण, मानेजवळच्या पहिल्या खंडाचा आकार, पंखांतल्या शिरा हे सगळं पाहावं लागतं. आजकाल डीएनएही तपासतात. आधी नोंदलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून पाहायचं, नमुना संग्रहात ठेवायचा, त्याचं वर्णन दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं आणि मग ते छापून येतं. एवढं सगळं करून त्या किड्याला नाव मिळतं. नाव मिळालं की तो सरकारी कागदावर येऊ शकतो. त्याआधी तो कागदावर नसतोच, मग त्याचं नुकसान झालं असं तरी कोण म्हणणार?

आता यादी बघा. 2019 मध्ये सिंधुदुर्गातूनच सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी नव्याने नोंदली गेली. 2020 मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशीतला मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी. 2022 मध्ये चौकुळच्या नावाचा चतुर, बर्मागॉम्फस चौकुलेन्सिस. 2025 मध्ये ही शांभवीई. एकाच जिल्ह्यातून सात वर्षांत चार नवे जीव, आणि चौघांचाही जीव गोड्या पाण्यावर. चार वेळा अभिमान वाटून झाला. या चारांतून आपण पाण्याबद्दल काय शिकलो, ते कोणी सांगेल का?

हडपिड हे अभयारण्य नाही. गाव आहे. घरं, बागा, देवळं, मळे असलेलं आपल्यासारखंच गाव. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या आर्यनाड पंचायतीच्या हद्दीत 2024 मध्ये अशीच एक नवी टाचणी नोंदली गेली, तीही संरक्षित जंगलाच्या बाहेरच. म्हणजे हे जीव वन खात्याच्या कुंपणात राहत नाहीत, तुमच्या-माझ्या हद्दीत राहतात. त्यामुळे "वन खातं बघून घेईल" हे उत्तर इथे चालत नाही. व्हाळाचं काय करायचं हे ठरतं ग्रामपंचायतीत, ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आणि काठावरच्या जमीनमालकाच्या मनात.

तिथे काय ठरतं? खोलीकरण. रुंदीकरण. दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत, जमलं तर तळालाही काँक्रीट. "झाडी साफ केली, आता कसं मोकळं वाटतं!" कोरडवाहू मुलखात जे काम ठीक असेल ते तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात तसंच्या तसं उचलून आणायचं.

यात टाचणीचं काय जातं ते ऐका. टाचणीची मादी अंडी घालते ती पाण्यालगतच्या वनस्पतीच्या देठात, पानात, शेवाळात. पिल्लू वाढतं पाण्यात, दगडगोट्यांत आणि कुजलेल्या पाल्यात, शेपटीच्या टोकाला असलेल्या तीन पानासारख्या कल्ल्यांनी श्वास घेत. त्याला थंड, वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. काठची झाडी तोडली की अंडी घालायची जागा गेली. गोटे उपसले की पिल्लाचं घर गेलं. सावली गेली की पाणी तापलं. उरलीसुरली गेली काजूच्या बागेतलं तणनाशक पावसाबरोबर उतरलं तेव्हा. एका उन्हाळ्यात, एका बिलात काम खलास.

आता नेहमीचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. "एका किड्यासाठी विकास थांबवायचा काय?"

ही टाचणी तुमच्या घरचे डास खाते म्हणून तिला वाचवा, असली थाप मी मारणार नाही. रानातल्या व्हाळातलं पिल्लू तुमच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या खायला येणार नाही. पण मला उलट विचारायचंय. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यात आपल्या विहिरी तळ का गाठतात? सरळ आणि रुंद केलेल्या पात्रातून पाणी भरधाव समुद्राला जातं. काठची मुळं, पालापाचोळा, वळणं, डोह हे पाणी अडवून मुरवतात. टाचणीला जे लागतं तेच तुमच्या विहिरीला लागतं. टाचणी गेली तर तुमचं काही अडणार नाही कदाचित. पण ती ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने तुमच्या दारात टँकर येईल.

दुसरा आक्षेप: "संशोधकच किडे पकडून मारतात की!" हो, नमुन्यासाठी थोडे पकडतात, त्याशिवाय नोंद होत नाही. पण ते व्हाळ तिथेच ठेवून जातात.

सरकारला काही करता येत नाही हेही खोटं. हिरण्यकेशीचा मासा 2020 मध्ये जाहीर झाला आणि 2021 मध्ये त्या कुंडाची 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्या शोधनिबंधावर तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या चिरंजीवांचं नाव होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून राजकारण करायचं नाही, निर्णय चांगलाच होता. प्रश्न एवढाच की ज्या जीवाच्या शोधनिबंधावर मोठं आडनाव नाही, त्याच्या ओहळाला कोण विचारणार?

उत्तर कायद्यातच आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. वारसा स्थळाची तरतूदही त्याच कायद्यात आहे. राष्ट्रीय हरित लवादाने या कामाला 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, नंतर दरमहा 10 लाख दंड सांगितला, तेव्हा कुठे देशभर धावपळ झाली. कागद पूर्ण झाले. पण तुमच्या गावची नोंदवही तुम्ही पाहिलीय? समितीत कोण आहे, नावं सांगता येतील? तुमच्या व्हाळाचं नाव तरी त्यात आहे का?

म्हणून अभिनंदनाच्या पोस्ट बाजूला ठेवा आणि येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा.

एक, नोंदवही सगळ्यांसमोर वाचा आणि गावातला प्रत्येक बारमाही व्हाळ नावानिशी त्यात घाला.

दोन, व्हाळातलं कुठलंही काम मंजूर करण्याआधी समितीचं लेखी मत घ्या. दोन्ही काठची झाडी तोडायची नाही आणि तळाला काँक्रीट घालायचं नाही, हे अंदाजपत्रकातच लिहून घ्या.

तीन, काठालगतच्या पट्ट्यात तणनाशक नको. यात सरकारचा काही संबंध नाही, हे आपल्याच हातात आहे.

आणि फोटोग्राफर मंडळींना एक विनंती: नेमकी जागा टाकू नका. गर्दीने काठ तुडवला जातो.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. झेंडावंदन झाल्यावर चहा पिऊन घरी जाऊ नका. बसा, हात वर करा आणि नोंदवही मागा. "असली काय वही नाय" असं उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा आणि इथे कमेंटमध्ये टाका. कुठल्या गावात वही आहे आणि कुठल्या गावात नाही, याची यादी आपणच करू.