पंपास दोष देण्यापूर्वीं

स्किड स्टीअर लोडरचा हायड्रॉलिक पंप ओरडूं लागला कीं तो बदलण्याचा सल्ला तत्काळ मिळतो. आमच्या मतें हा उफराटा न्याय होय. बहुधा दोष तेलाच्या पुरवठ्यांत असतो. प्रथम टांकींतील पातळी पाहावी. तेल फेंसाळलें असल्यास शोषण-नळीच्या जोडांतून हवा शिरत असावी. फेंस नसल्यास जाळी तुंबलेली किंवा तेल फार दाट असावें. यंत्र तापत असल्यास तें बंद करून ऑइल कूलरमधील भुसा व धूळ झाडावी. बकेट पुरती वर गेल्यावरही लिव्हर ओढून धरल्यास तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून वाहतें व इंजिनाची शक्ति उष्णता होऊन व्यर्थ जाते. ही खोड चालकानें सोडावी. मूळ कारण न काढितां बसविलेला नवा पंपही त्याच रोगानें जाईल, हें मालकांनीं ध्यानांत ठेवावें.