आषाढात रंधा नको

आषाढाची पहिली झड लागली की पुण्याच्या पेठांतील जुन्या घरांत एक ठरावीक तक्रार ऐकू येते : माडीवरची खिडकी लागत नाही. कालपर्यंत सहज मिटणारी झडप आज चौकटीला अडते, कडी कोयंड्यापर्यंत पोहोचत नाही आणि पावसाचे तुषार थेट गादीवर येतात. मग सुताराला बोलावणे जाते. तो झडपेची कड रंध्याने चार-दोन वेळा तासतो, खिडकी लागते, घर समाधान पावते. फाल्गुनात मात्र त्याच खिडकीच्या फटीतून रस्त्याची धूळ आणि उन्हाची सरळ रेघ आत येते. पावसात फुगलेले लाकूड आता आकसलेले असते आणि आषाढात तासून काढलेले लाकूड काही परत येत नाही. पुढच्या वर्षी ती फट पुठ्ठ्याने बुजवली जाते. त्याच्या पुढच्या वर्षी अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा भाव विचारला जातो. शंभर वर्षे टिकलेली सागवानी खिडकी घराबाहेर जाण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. पुण्याची एप्रिलमधली कोरडी दुपार आणि जुलैमधली ओली सकाळ यांत इतके अंतर आहे की फळ्यांच्या झडपेत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. चौकटीत नेमकी बसलेली झडप अडायला तेवढे पुरे. म्हणून पावसाळ्यात अडणाऱ्या झडपेवर फक्त पेन्सिलीने खूण करावी आणि दिवाळीपर्यंत थांबावे. खूण कडेच्या संपूर्ण लांबीवर उमटली, तर ओलावा हे कारण. ती बिजागरीपासून दूरच्या खालच्या कोपऱ्यातच असेल, तर झडप खाली झुकली आहे. बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. ते काढून भोकात बांबूची काडी गोंद लावून ठोकावी, ती वाळली की तोच स्क्रू पुन्हा घट्ट बसतो. अर्ध्या तासाच्या या कामासाठी निष्कारण रंधा फिरवलेल्या कितीतरी खिडक्या शहरात सापडतील.

या लाकडाची किंमत नव्या खरेदीच्या बिलावरून कळत नाही. शनिवारवाड्याच्या बांधकामासाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणल्याचे सांगतात. तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला. दुसऱ्या बाजीरावांच्या विश्रामबाग वाड्यालाही १८७९ मध्ये आग लागली, पण त्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग आजही लक्ष्मी रस्त्याजवळून जाणाऱ्याला क्षणभर थांबवतो. सामान्य घरांतून पेशवाईची कोरीव महिरप नसे; पण खिडकीची रचना साधारण तीच : जाड चौकट, उभे लोखंडी गज आणि आत उघडणाऱ्या दोन झडपा. पुढे इंग्रजी अंमलात झडपांना काचेची तावदाने आली. इंग्लंडातल्या घरांत वर-खाली सरकणारी खिडकी असते, तिची वजने दोरीला बांधून चौकटीच्या पोकळीत लपवलेली असतात. ती आपल्याकडे फारशी रुजली नाही. वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी आपल्या लोकांना आठवते ती जुन्या रेल्वेच्या डब्यातली, बोटे चेंगरण्याच्या धाकासकट.

साग किती टिकतो याचे उत्तर जैन वाचकाला दूर शोधावे लागत नाही. गुजरातेतील पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव सागवानी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभा आहे. चार शतके उलटली तरी त्याचे नक्षीकाम वाचता येते. छपराखाली कोरडा राहिलेला साग सहसा म्हातारा होत नाही. खिडकीचे दुर्दैव एवढेच की तिचे अर्धे अंग कायम पावसात असते.

त्यातही ती सगळी एकदम खराब होत नाही. खिडकी खालून कुजते. चौकटीचा खालचा आडवा दांडा आणि झडपेची सर्वांत खालची पट्टी, या दोन ठिकाणी पाणी थांबते. वरचा भाग बहुधा ठणठणीत असतो. पावसाळा संपल्यावर एखादा जुना पेचकस घेऊन या दोन जागा टोचून पाहाव्यात. टोक आत रुतले आणि लाकूड ओल्या केकसारखे सुटले, तर तेवढा भाग गेला. टोक अडले, तर वरचा रंग कितीही भेगाळलेला दिसो, लाकूड सुरक्षित आहे. उलट जाड, चकचकीत रंगाखालीच कुजणे अधिक लपते. रंगाच्या बारीक भेगेतून पाणी आत शिरते आणि त्याच रंगामुळे बाहेर पडू शकत नाही. दर दिवाळीला एक हात ऑइल पेंट चढवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

कुजलेला भाग काढताना चांगला सुतार सरळ आडवा काप घेत नाही. तो तिरका काप घेतो. त्यामुळे नव्या-जुन्या लाकडाला चिकटायला जास्त जागा मिळते आणि कापावर पाणी साचत नाही. जोडायचा तुकडा जुन्या सागाचाच असावा, त्याच्या रेषा मूळ लाकडाच्या दिशेनेच धावाव्यात, आणि तो गाभ्याचा असावा. सागाच्या गाभ्याला मुरलेल्या नैसर्गिक द्रव्यांचे संरक्षण असते, सालीलगतच्या फिकट लाकडाला ते नसते. बाजारातल्या स्वस्त सागात हा फिकट भाग पुष्कळदा रंग देऊन मिसळलेला असतो. खरेदीच्या वेळी कापलेल्या टोकाकडे पाहिले तर ओळखता येतो. जुन्या वाड्यांची दारे-वासे विकणाऱ्यांकडे हातभर लांबीचा चांगला तुकडा मिळून जातो. पट्ट्यांचे सांधे खिळ्यांनी ठोकू नयेत. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून त्यातून लाकडी खुंटी मारण्याची जुनी पद्धत आहे; खुंटी काढून सांधा पुन्हा मोकळा करता येतो. लोखंडी खिळा गंजतो, फुगतो आणि आजूबाजूचे लाकूड फाडतो. चौकटीच्या खालच्या दांड्याला बाहेरच्या बाजूस उतार आहे ना, आणि त्याच्या पोटाखाली पाण्याचा थेंब सुटून पडावा म्हणून कोरलेली खोबण रंगाने बुजलेली नाही ना, हे पाहावे. ती खोबण साफ केल्याने जितके लाकूड वाचते तितके रंगाच्या डब्याने वाचत नाही.

आता वाळवी. जैन घरात हा प्रश्न नुसता सुताराचा राहत नाही. वाळवी त्रींद्रिय जीव. कीटकनाशकाची फवारणी करणारा माणूस दारात उभा असतो, आजी सामायिक सोडून उठते, मुलगा म्हणतो की छत पडले तर जबाबदार कोण. दोघांचेही बरोबर असते, आणि अशा वेळी घरात जो अबोला होतो तो बऱ्याच कुटुंबांनी अनुभवला असेल. उत्तर वाळवीच्या राहणीतच आहे. आपल्याकडची वाळवी बहुतांशी जमिनीत राहते, उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधत भिंतीवरून लाकडापर्यंत येते. तिला ओल हवी असते. भिंतीला टेकवून ठेवलेली रद्दी, खिडकीखाली गळणारा नळ, पागोळ्यांचे भिंतीवर उडणारे पाणी, कुंड्यांच्या बुडाशी साचलेली ओल ही तिची निमंत्रणे. ती काढून घेतली, पायथ्याची हातभर भिंत उघडी व स्वच्छ ठेवली आणि महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन तिच्यावर नजर टाकली, तर नळी बोटभर असतानाच दिसते. मारायचे की नाही हा प्रश्न उभा राहतो तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. जयणेचे काम त्याच्या वर्षभर आधीचे. आणि तुळईपर्यंत वाळवी पोहोचली असेल, तर स्थापत्य जाणणाऱ्याला घर दाखवावेच; तिथे डोक्यावरच्या माणसांचाही विचार आहे.

लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली की लोक घाबरतात. भोक हा इतिहास असू शकतो; कीटक केव्हाच निघून गेलेला असतो. भोकांखाली आठवडाभर काळा कागद ठेवावा. त्यावर पिठासारखी ताजी पूड पडली तरच आत कोणी आहे. कोरा राहिला तर भोके मेणाने नव्हे, लांबीने बुजवावीत.

मेणाने का नाही, हे सांगितले पाहिजे. जुन्या सुतारकामात प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस, लाखेचे पॉलिश आणि मधमाश्यांचे मेण हे तिन्ही सर्रास वापरले जात. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे आणि वनकर्मही आहे. ही व्रते व्यापारासंबंधी आहेत हे खरे, परंतु त्यांच्यामागचा विचार घरातल्या पॉलिशच्या बाटलीपाशी थांबावा असे काही नाही. पर्याय साधे आहेत. सांध्यांना कृत्रिम राळेचा गोंद चालतो. बाहेरच्या बाजूसाठी पाणी सोसणारा प्रकार मागावा. लाकडाला जवसाचे तेल पुरते. रंगाच्या दुकानात ते उकळलेल्या स्वरूपात ‘बेलतेल’ म्हणून मिळते. तावदाने बसवण्याची जुनी लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल, कणकेसारखी मळलेली. ती घरीही होते. नवी लांबी लावण्यापूर्वी खाचेतल्या कोरड्या लाकडाला तेलाचा हात द्यावा, नाहीतर लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि ती वर्षभरात तडकते. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. त्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

जुना रंग खरवडताना आणखी एक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घातली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते. त्यामुळे कोरडे घासू नये. पाणी शिंपडून, ओल्या पॉलिश पेपरने घासावे, खाली कागद अंथरावा, आणि घरातले लहान मूल त्या दिवशी आत्याकडे पाठवावे.

खर्चाचा हिशेब करताना ‘घसारा’ हा शब्द उपयोगी पडतो. ताळेबंदात यंत्राची किंमत दरवर्षी थोडी कमी केली जाते, कारण ते कधीतरी बदलावे लागणार हे गृहीत असते. सरकत्या खिडकीला हे लागू पडते : तिचे चाक झिजते, रबराची पट्टी कडक होते, काही वर्षांनी तोच भाग बाजारात मिळत नाही आणि सगळी खिडकी बदलावी लागते. ती स्वच्छ करायला सोपी आहे, आवाज कमी येऊ देते, भर रस्त्यावरच्या खोलीसाठी तिची निवड चुकीची म्हणता येणार नाही. लाकडी खिडकीचा मात्र कोणताही भाग सुटा करून बदलता येतो. तिचा खर्च दरवर्षी थोडा आहे आणि बव्हंशी तो श्रमाचा आहे : कार्तिकात पाहणी, माघ-फाल्गुनात दुरुस्ती, अक्षय तृतीयेच्या आसपास तेलाचा हात. चातुर्मास बसण्यापूर्वी हे काम उरकलेले बरे. पावसात उघड्या लाकडावर तेल वाळत नाही आणि त्यावर चिलटे चिकटून मरतात.

या सर्व काळजीला वळसा घालणारा एक प्रसंग आता पेठांत वरचेवर येतो. वाडा पुनर्विकासाला जातो. कुटुंब चार महिने क्षेत्रफळ, पार्किंग आणि भाड्याच्या रकमेवर बोलत राहते. खिडक्यांचा विषय निघत नाही. पाडकाम सुरू झाले की पहिल्या दिवशी दारे-खिडक्याच निघतात, आणि करारात काही लिहिलेले नसेल तर बहुधा त्या पाडकामवाल्याच्या टेम्पोत जातात. बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कोरीव दारे आणि खिडक्या पाहताना हळहळणारे लोक स्वतःच्या घरच्या खिडकीबाबत एवढे बेसावध कसे राहतात, याचे नवल वाटते. करारनाम्यात एक वाक्य पुरते : जुने सागवानी लाकूड, दारे व खिडक्या मूळ मालकाच्या राहतील आणि त्या न तोडता उतरवून दिल्या जातील. उतरवण्यापूर्वी प्रत्येक झडपेच्या पाठीवर खडूने खोलीचे नाव आणि डावी-उजवी लिहावी, बिजागऱ्या व कड्या त्याच झडपेला पिशवीत बांधाव्यात. भाड्याच्या घरी त्या उभ्या ठेवाव्यात, खाली दोन विटा, मागे भिंतीपासून वीतभर अंतर. नव्या घराच्या देवघराला किंवा स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधल्या भिंतीला एक जुनी खिडकी लावायची असेल, तर वास्तुरचनाकाराला तिची मापे आराखडा मंजूर होण्याआधी द्यावी लागतात. भिंत बांधून झाल्यावर नाही.