खुर्जी फाटते ती भाराने नव्हे, फिटिंगने

पूर्वी घोड्यावरून माल नेणारे व्यापारी त्याच्या पाठीवर खुर्जी टाकण्याआधी नमदा अंथरत. जनावराची पाठ सोलू नये हा त्यात पहिला विचार, पण खुर्जीही त्यामुळे टिकत असे. आज आपल्यातले कितीतरी लोक मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी बॅगा लटकवून आठवडी बाजार करतात. घोडा गेला, लोखंड आले. नमदा मात्र कोणीच घालत नाही.

माझा स्वतःचा तजुर्बा सांगतो. जाड कॅनव्हासची जोडबॅग मी खास शिवून घेतली होती. दोन वर्षे तिचा टाकाही उसवला नाही. मग मागे गठ्ठा बांधता यावा म्हणून एका दुकानातून लोखंडी कॅरियर बसवून घेतला. आठ-दहा दिवसांनी मालेगावहून मनमाडला साड्यांचे नमुने घेऊन गेलो. गिऱ्हाइकासमोर घडी उलगडली तर चार साड्यांना ओळीने भोके! कॅरियरच्या बोल्टचे टोक पाऊण इंच बाहेर राहिले होते. रस्त्याच्या धक्क्यांनी त्याने आधी कॅनव्हास खाल्ला, मग अस्तर, मग माल. साड्यांचे पैसे गेले ते गेले, ऑर्डरही गेली. फिटर म्हणाला, बॅग कच्ची आहे. बॅग शिवणारा म्हणाला, कॅरियर बसवणार हे मला कुठे ठाऊक होते?

माझे मत असे की, जो कारागीर शेवटी हात लावतो त्याने जबाबदारी घ्यावी. कॅरियर, गार्ड किंवा स्टँड विकला म्हणजे काम संपत नाही. शेजारी काय लटकणार आहे हे विचारणे हाही फिटिंगचाच भाग आहे. पण इथे आपण व्यापारीही कमी नाही. दहा-वीस रुपयांच्या वायसर-रबरासाठी आपण घासाघीस करतो आणि हजारोंचा माल त्यावर सोडतो. फिटरने मग जेवढे पैसे तेवढेच काम केले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

काम फार अवघड नाही. बोल्टचे गोल डोके बॅगेकडे ठेवावे, नट आतल्या बाजूला. तसे जमत नसेल तर जादा आटे कापून, कानस मारून वर टोपी नट लावावा. आत वळवलेले टोक टायरला लागत नाही ना, तेही पाहावे. पट्टीच्या कडेवर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळावी. आजचा नमदा तोच. हुकाची रबरी दोरी बॅगेच्या गोटात अडकवू नये, तिथली शिलाई आधी जाते. बॅगेला भोक पाडावेच लागले तर आतून-बाहेरून रुंद वायसर हवा, नाहीतर सगळा भार त्या एका भोकाच्या कडेवर येतो. रेक्झीनवर दाट टाके घालू नयेत. टाके जवळजवळ पडले की पोस्टाच्या तिकिटासारखी ती ओळीतच फाटते.

उजव्या बॅगेकडे जास्त लक्ष द्यावे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना सायलेन्सर उजवीकडे आणि साडीगार्ड डावीकडे असतो. म्हणजे डाव्या बॅगेला टेकायला आधार आहे, उजवी मात्र तापलेल्या नळीवर लोंबते. मी कपड्यातला माणूस, म्हणून सांगतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळते. नायलॉनला २२०च्या वर उष्णता लागते, पण वितळण्याच्या बऱ्याच आधी धाग्यातली ताकद निघून जाते. सुती कॅनव्हास वितळत नाही, करपतो. रेक्झीन तर सर्वांच्या आधी नरम पडते. तेव्हा जाड कापड घेतले म्हणजे झाले, हा समज सोडावा. मध्ये हवा खेळेल एवढे अंतर हवे, आणि ते कायम राहावे म्हणून बॅग धरून ठेवणारी सळईची कमान हवी.

काही फिटर बॅगेला जागा व्हावी म्हणून साडीगार्डच काढून टाकतात. हे करू देऊ नये. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतके चाक झाकणारे साधन लागते. सक्तीचेच आहे तर बॅगेचा टेका म्हणून त्याचा उपयोग करून घ्यावा.

शेवटची तपासणी रिकाम्या गाडीवर कधीच करू नये. रिकामी बॅग ताठ आणि दूर दिसते. माल भरला, दोन माणसे बसली की शॉकअप दबतो, चाक वर येते, बॅगेचे पोट आत फुगते आणि स्प्रिंग तिला चिमटा काढते. म्हणून मी आता फिटरकडे बॅग भरूनच नेतो. पहिल्यांदा तो वैतागला होता. परवा घाईत रिकामी बॅग घेऊन गेलो तर पाना खाली ठेवून म्हणाला, "चाचा, माल कुठाय?"