मुख्यालय कुणाच्या गावात?

२०१९ साली अमेरिकेत बीबी अँड टी आणि सनट्रस्ट या दोन बँका मिळून 'ट्रुइस्ट' झाली. एकीचं मुख्यालय विन्स्टन-सेलमला, दुसरीचं अटलांटाला. नवं कुठे? तिसरीकडेच, शार्लटला! भर शहरातला ४७ मजली टॉवर मिळाला, शार्लटवाले खूश. मला मात्र विन्स्टन-सेलमचं वाईट वाटतं. (तसं १९९५च्या विलीनीकरणात त्यांनीही विल्सन गावचं मुख्यालय नेलंच होतं म्हणा!) शाखा राहतात हो, पण निर्णयाची खुर्ची जाते आणि तिच्यामागे वकील, ऑडिटर, देणग्याही. २००६मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये गेली, तेव्हा साताऱ्याचं मुख्यालय असंच गेलं. माझं म्हणणं एवढंच, की मंजुरीआधी मुख्यालय गमावणाऱ्या गावाला काय मिळणार, हे बँकेकडून लेखी घ्यावं.